पाबळची कार्यशाळा आणि शिक्षणातील वर्णव्यवस्था

(शिरूर व दौंड तालुक्यांतील कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



पाबळ हे गाव शिरूर तालुक्यातील कार्यकर्त्यांना परके नाही. मस्तानीची कबर तेथे आहे, एवढीच त्याची ओळख बाहेरच्या जगाला पुष्कळ वर्षे होती. घोड आणि भीमा यांच्या काठच्या उसाशी या गावाचे नाते नाही. तालुक्याचा हा कोपरा अवर्षणाचा, आणि म्हणूनच १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तो मुद्दाम निवडला. कलबाग हे काही गावाकडचे कार्यकर्ते नव्हते. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातून त्यांनी अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट मिळविली होती, म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्थेत काम केले होते आणि त्यानंतर मुंबईच्या हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात दीर्घ काळ घालविला होता. पन्नाशी उलटल्यावर ती नोकरी सोडून ते पत्नी मीराताईंसह पाबळला आले आणि पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेच्या छत्राखाली त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. २००३ साली त्यांचे निधन झाले. आश्रम चालू आहे.

कलबागांचा प्रश्न साधा होता. खेड्यातील मूल शाळेत जाण्यापूर्वी पुष्कळ गोष्टी हाताने करीत असते. शाळेत गेल्यावर त्याचे हात बांधले जातात, आणि दहा वर्षांनी परीक्षेत नापास झाले म्हणजे त्याला सांगितले जाते की तुला बुद्धी नाही. मग या मुलाला पुन्हा हातांतून शिकवले तर काय होईल? आश्रमाचा एक वर्षाचा निवासी पदविका अभ्यासक्रम शाळा सुटलेल्या, आठवीपर्यंत पोचलेल्या मुलांसाठीही खुला ठेवला गेला. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे चार विभाग, आणि प्रत्येकाने चारही विभागांतून जायचे. वेल्डिंग करणाऱ्याने भाकरीच्या पिठातील पोषणमूल्याचाही हिशेब करायचा आणि पोळ्या लाटणाऱ्या मुलीने लोखंडही कापायचे. याच धर्तीचा, आठवी ते दहावीच्या मुलामुलींसाठी आठवड्यातून एक दिवस चालणारा ‘मूलभूत तंत्रज्ञान’ हा विषय पाबळच्या शाळेतून सुरू झाला. पुढे राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने त्याला मान्यता दिली आणि इतरही शाळांनी तो घेतला.

एवढे वाचून कोणी म्हणेल, की हे हस्तोद्योगाचे वर्ग आहेत आणि असे वर्ग पूर्वीही होते. तसे नाही. फरक कोठे आहे तो समजून घेण्यासाठी एका कामाकडे जरा बारकाईने पाहिले पाहिजे. ते काम म्हणजे आश्रमाच्या आवारात विद्यार्थ्यांच्या हातांनी उभे राहिलेले आणि पुढे ‘पाबळ घुमट’ या नावाने ओळखले जाऊ लागलेले घर.

त्रिकोणांपासून अर्धगोल तयार करण्याची ही रचना अमेरिकेतील बकमिन्स्टर फुलर यांनी लोकप्रिय केली. १९५४ साली त्यांना तिचे पेटंट मिळाले. त्रिकोण हा असा आकार आहे की बाजूंची लांबी बदलल्याशिवाय तो मोडत नाही. चौकोनी चौकट कोपऱ्यांत ढिली झाली की कलते, त्रिकोण कलत नाही. म्हणून थोड्या लोखंडात मोठी जागा झाकता येते, आणि मधे खांब लागत नाही. या रचनेचा नेहमी वापरला जाणारा एक साधा प्रकार घ्या. त्यात ६५ दांड्या लागतात, २६ सांधे असतात आणि ४० त्रिकोण होतात. दांड्या दोनच मापांच्या: ३० आखूड आणि ३५ लांब. घुमटाची त्रिज्या तीन मीटर धरली तर आखूड दांडी सुमारे १६४ सेंटिमीटर येते आणि लांब दांडी सुमारे १८५. काही सांध्यांत पाच दांड्या मिळतात, काहींत सहा, आणि जमिनीलगतच्या दहा सांध्यांत चार.

आता हे काम दहा-बारा मुलांच्या गटाकडे दिले आहे अशी कल्पना करावी. पाइपाची टोके चपटी करायची, त्यांत भोके पाडायची आणि बोल्टने सांधा आवळायचा, ही एक प्रचलित रीत. पहिला धडा येथेच मिळतो: दांडीची लांबी म्हणजे पाइपाची लांबी नव्हे, या भोकाच्या मध्यापासून त्या भोकाच्या मध्यापर्यंतचे अंतर म्हणजे दांडीची लांबी. ज्याने पाइप कापला त्याचे माप बिनचूक असूनही ज्याने भोक पाडले त्याच्या हातून दोन-तीन मिलिमीटर सरकले, तर पहिल्याचे बिनचूकपण वाया गेले. खालची फेरी जुळते. तेथे थोडे ओढूनताणून भागते. दुसरी फेरीही जुळते. घोटाळा वर, माथ्याजवळ उघडा पडतो. प्रत्येक दांडीतील दोन-तीन मिलिमीटर साठत साठत तेथे पोचलेले असतात आणि अखेरचा त्रिकोण मिटत नाही. शेवटचा बोल्ट हातात घेऊन शिडीवर चढलेला मुलगा खाली बघतो, खालचे वर बघतात, आणि कोणाच्याही एकट्याच्या माथी दोष मारता येत नाही, कारण चूक ६५ दांड्यांत वाटली गेलेली असते.

मग शोध सुरू होतो, आणि शिक्षण खरे तर येथे होते. प्रथम भांडण होते, तेही होऊ द्यावे. नंतर कोणीतरी सुचवितो की प्रत्येकाने वेगळे माप घेण्याऐवजी एका फळीवर ठरलेल्या अंतरावर दोन खुंट्या पक्क्या कराव्या आणि प्रत्येक दांडी त्या खुंट्यांवर बसवूनच भोक पाडावे. कारखान्यात याला जिग म्हणतात. जिग हाती आला की गटातील सर्वांत कच्च्या हाताची दांडीही सर्वांत पक्क्या हाताच्या दांडीसारखीच होते. येथे चुकणाऱ्याची कानउघाडणी करून प्रश्न सुटत नाही. चूक होऊच नये अशी सोय कामातच करावी लागते. याचे नाव आराखडा, आणि तो केवळ कागदावरच्या रेघांत नसतो. कोणते माप पक्के धरायचे, कोणते ढिले चालेल, कोणाचे काम कोणाच्या आधी व्हायचे, किती दांड्यांनंतर एक तपासायची, हे सारे त्यात येते. हाच आराखडा सहकार्य शक्य करतो. सभेत ठराव करून सहकार्य येत नाही, हे सहकारी चळवळीच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको!

पाबळच्या कामातील दुसरा विशेष हा, की ते लटके नसते. आश्रमाने विद्यार्थ्यांना सुरुवातीपासून गावाची कामे घ्यायला लावली, आणि ती फुकट नव्हेत. लोखंडाचा भाव, वेल्डिंगच्या काड्या, वीज, मजुरी यांचा अंदाज मांडायचा, आराखडा काढायचा, गिऱ्हाइकाला दाखवायचा आणि मग काम करून पैसे घ्यायचे. शाळेतील तक्ता चुकला तर दोन गुण जातात. शेतकऱ्याच्या गोठ्याचे फाटक लागले नाही तर तो शेतकरी दुसऱ्या दिवशी दारात उभा राहतो. फाटक त्याच्या उपयोगाला आले पाहिजे ही अट विद्यार्थ्याच्या बुद्धीला जेवढी धार लावते तेवढी कोणतीही प्रश्नपत्रिका लावीत नाही.

पाण्याचा शोध हे तेथले असेच एक काम. विहीर कोठे घ्यावी हे ठरविण्यासाठी जमिनीची विद्युतरोधकता मोजायची पद्धत कलबागांनी मुलांना शिकविली. चार लोखंडी सळया एका रेषेत सारख्या अंतरावर रोवायच्या, बाहेरच्या दोन सळयांतून वीज सोडायची आणि आतल्या दोहोंमधील दाब मोजायचा. सळयांतील अंतर वाढवीत गेले की वीज अधिक खोल जाते आणि मोजमाप खालच्या थराचे होते. आपल्याकडचा खडक बेसॉल्ट. तो एकसंध आणि कोरडा असेल तर विजेला फार अडवितो. झिजलेला, भेगाळलेला आणि पाण्याने भरलेला असेल तर कमी अडवितो. हे एकट्याचे काम नाही. सळया हलविणारे, यंत्र वाचणारा, आकडे लिहिणारा, आलेख काढणारा असे सारे लागतात, आणि एकाने सळई हातभर चुकीच्या जागी रोवली तर आलेखात खोटे पाणी दिसू शकते. खोट्या पाण्याच्या भरवशावर कर्ज काढून विहीर खोदणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याचे काय होते ते शिरूरच्या पश्चिम भागात सांगण्याची गरज नाही. पाणाड्याला हे भय नसते, नारळ तळहातावर उभा राहिला की त्याची जबाबदारी संपते. मोजमाप करणाऱ्या मुलाची जबाबदारी मात्र आकड्यांच्या रूपाने वहीत राहते, आणि दुसरा कोणीही ती वही तपासू शकतो.

जुन्या जीपचे सुटे भाग वापरून लहान शेतकऱ्यासाठी तेथे तयार झालेला छोटा ट्रॅक्टर, आणि अमेरिकेतील एमआयटीच्या साह्याने २००२ च्या सुमारास तेथे उभी राहिलेली, संगणकाच्या आज्ञेने कापणाऱ्या-कोरणाऱ्या यंत्रांची प्रयोगशाळा, यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांचा येथे नुसता उल्लेख पुरे.

आता आक्षेपाकडे वळू. तो समाजवादी चळवळीतूनच येतो, आणि त्याला उडवून लावणे योग्य नाही. आक्षेप असा: शहरातील सुखवस्तू घरची मुले भौतिकशास्त्राची सूत्रे पाठ करून आयआयटीत जाणार, आणि पाबळच्या कोरडवाहू शेतकऱ्याचे, मेंढपाळाचे, दलिताचे मूल वेल्डिंग शिकणार. ही जुनीच वर्णव्यवस्था नव्या कपड्यांत आली नाही काय? ज्या जातींना हजारो वर्षे हातांनी राबविले त्यांच्याच मुलांना पुन्हा ‘हातांचे शिक्षण’ देणारे हे थोर लोक कोण?

हा संशय निराधार नाही. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींच्या सरकारने प्राथमिक शाळांचे तास निम्म्यावर आणले आणि उरलेल्या वेळात मुलांनी आपल्या घरचा धंदा शिकावा अशी योजना आणली. पेरियारांनी आणि द्रविड चळवळीने तिला कुलशिक्षण म्हणून झोडपून काढले. न्हाव्याच्या मुलाने वस्तरा धरायचा आणि धोब्याच्या मुलाने घाटावर जायचे, मग अर्ध्या दिवसाची शाळा हवी कशाला? १९५४ साली राजाजींना पायउतार व्हावे लागले आणि कामराजांनी ती योजना मागे घेतली. पेरियारांचे म्हणणे बरोबर होते.

पण याच उदाहरणावरून पाबळच्या कार्यशाळेतील भेदही स्पष्ट होतो. राजाजींच्या योजनेत मूल बापाच्या धंद्याकडे परत जात होते. पाबळला प्रत्येक मूल चारही विभागांतून, म्हणजे प्रामुख्याने दुसऱ्यांच्या बापांच्या धंद्यांतून जाते. मराठ्याचा मुलगा स्वयंपाकघरात उभा राहतो, मुलगी वेल्डिंगचा काळा चष्मा घालते, आणि कोणाही मुलाला हातोडा धरावा लागतो तसा मोजपट्टी, कागद आणि हिशेबाची वहीही धरावी लागते. जातीच्या धंद्यात कारागिराला सर्व काही येत होते, एक सोडून: आपल्या कामाचा आराखडा दुसऱ्यासमोर कागदावर मांडणे आणि त्यावर वाद घालणे. ज्ञान हातात कोंडलेले होते, म्हणून ते जातीबाहेर गेले नाही आणि बाहेरच्या टीकेने सुधारलेही नाही. उलट ज्याच्याकडे कागद होता त्याला लोखंड तापल्यावर त्याचा रंग कसा पालटतो हे कळत नव्हते. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात उच्चवर्णीयांच्या कारकुनी शिक्षणावर कोरडे ओढले आणि बहुजनांच्या मुलांसाठी व्यवहारोपयोगी ज्ञान मागितले, तेव्हा त्यांना जातीचा धंदा मुळीच अभिप्रेत नव्हता. स्वतः फुले बांधकामाची कंत्राटे घेत असत. मोजमाप आणि अंदाजपत्रक कोणाच्या हाती असते त्यावर मजुराचे नशीब ठरते हे त्यांना अनुभवाने माहीत होते.

दौंड तालुक्यातील मंडळींना याचे आणखी जवळचे उदाहरण आहे. केडगावच्या मुक्ती सदनात पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून आणलेल्या मुली आणि टाकलेल्या स्त्रिया सांभाळल्या, एवढेच बहुधा सांगितले जाते. तेथे छापखाना होता आणि तो स्त्रियाच चालवीत होत्या, हे कमी सांगितले जाते. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेल्या मराठी बायबलाच्या अनुवादाचे खिळे याच स्त्रियांनी जुळविले आणि पाने छापली. खिळाजुळणी हे काम कसे असते? अक्षर उलटे वाचायचे, ओळ नेमक्या रुंदीची भरायची, मुद्रित तपासणाराने काढलेली चूक दुरुस्त करताना पुढच्या दोन ओळी ढासळू द्यायच्या नाहीत. एकीच्या हातून एक खिळा उलटा बसला तर दुसरीने ओढलेल्या साऱ्या प्रती बिघडतात. रमाबाईंच्या धर्मांतराविषयी ज्याचे जे मत असेल ते असो. ज्या काळी पुण्यात मुलीने इंग्रजी शिकावे की नाही यावर वाद झडत होते, त्या काळी दुष्काळातून जगलेल्या अनाथ मुली केडगावात यंत्रावर पुस्तक छापीत होत्या. त्यांतील कोणाच्याही बापाचा तो धंदा नव्हता.

स्वातंत्र्योत्तर शिक्षणधोरणाने हे सारे तत्त्वतः मान्य केले आहे, आणि शोकांतिका तीच आहे. १९३७ च्या वर्धा परिषदेतून नयी तालीम आली. १९६६ साली कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ सुचविला. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक होते, आणि पाबळला छत्र देणारी भारतीय शिक्षण संस्थाही त्यांचीच. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ हे नाव दिले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या दरम्यान दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे काम शिकण्याची तरतूद आहे. नावे बदलत गेली, आणि बहुतेक शाळांत मुले कागदी फुले व मेणबत्त्या करीत राहिली. दहा दिवसांत सुताराच्या रंध्याला हात लावता येतो. बिघडलेला दरवाजा का बिघडला हे कळायला अकरावा दिवस लागतो.

अभियांत्रिकी महाविद्यालयांची कथा निराळी, पण दुखणे तेच. पुणे जिल्ह्यात ही महाविद्यालये गावोगाव झाली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने २०१९ च्या अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षी ‘प्रकल्पाधारित अध्ययन’ हा विषय घातला, हे पाऊल योग्य दिशेचे होते. पण शेवटच्या वर्षाचा प्रकल्प बाजारात तयार मिळतो, अहवालासकट मिळतो, हे गुपित राहिलेले नाही. कर्ज काढून फी भरणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा आणखी काही हजार रुपये मोजून चालते यंत्र विकत घेतो, चार नावांची पाटी लावतो, आणि परीक्षकही त्याला फार प्रश्न विचारीत नाही. त्या चौघांनी एकमेकांची चूक कधी शोधलेली नसते. त्यांचा त्रिकोण मिटला की नाही हे त्यांना ठाऊकच नसते, कारण त्यांनी दांडीच कापलेली नसते.

याला सन्मान्य अपवाद आहेत. २००७ पासून देशात विद्यार्थ्यांनी स्वतः गाडी बांधून शर्यतीत उतरविण्याच्या स्पर्धा होतात. मध्यप्रदेशातील पिथमपूरला राज्याराज्यांतून संघ जातात. चौकट वळविणारे, गिअर बसविणारे, ब्रेक तपासणारे, पैसे गोळा करणारे असे वीस-पंचवीस जण वर्षभर रात्री जागवितात, आणि त्यांना सहकार्य व आराखडा यांचे जे शिक्षण मिळते ते अस्सल असते, हे मान्य केले पाहिजे. प्रश्न एवढाच, की स्पर्धा संपल्यावर ती गाडी कॉलेजच्या पत्र्याच्या शेडमध्ये धूळ खात उभी राहते. तेवढीच बुद्धी आणि तेवढाच लोखंडाचा खर्च कांद्याच्या चाळीतील हवा खेळती ठेवण्यावर झाला असता तर? कांदा सडतो तो खाली आणि मधे कोंडलेल्या दमटपणाने. शिरूरच्या शेतकऱ्याला ते माहीत आहे, अभियंत्याला त्याचे गणित माहीत आहे, आणि दोघांची गाठ पडत नाही.

येथे प्रश्न शिक्षणाच्या हद्दीतून अर्थशास्त्रात जातो. १९११ साली फ्रेडरिक टेलर या अमेरिकन अभियंत्याने ‘शास्त्रीय व्यवस्थापना’चा ग्रंथ लिहिला. त्याचे सार असे, की विचार करण्याचे सारे काम कामगाराकडून काढून घेऊन व्यवस्थापनाच्या कचेरीत न्यावे आणि कामगाराला फक्त सांगितलेली हालचाल करू द्यावी. हॅरी ब्रेव्हरमन हा तांबटकाम शिकून कारखान्यांत राबलेला माणूस. त्याने १९७४ साली दाखवून दिले की मक्तेदारी भांडवलाखाली कामगाराचे कसब पिढ्यानपिढ्या कसे सोलून काढले गेले, आणि कसब गेले की मजुरीचा सौदा करण्याची ताकदही कशी जाते. ज्याची हालचाल दोन दिवसांत शिकविता येते त्याला दोन दिवसांत बदलताही येते. रांजणगाव असो, कुरकुंभ असो की चाकण, कंत्राटी आणि शिकाऊ नेमणुकांचे अर्थशास्त्र यावरच उभे आहे.

मघाशी सांगितलेल्या जिगचा येथे पुन्हा विचार करावा लागतो. तीच फळी आणि त्याच दोन खुंट्या. पाबळच्या गटाने स्वतःच्या चुकीतून जिग तयार केला तेव्हा त्याने दुबळ्या हाताला बळ दिले. तोच जिग कचेरीतून तयार होऊन आला तर तो कसबी हाताला बिनकामाचा ठरवितो. वस्तू एकच आहे. तिचा आराखडा कोणी ठरविला यावरून तिचा अर्थ बदलतो, आणि म्हणून आराखडा हा राजकारणाचा विषय आहे. लोहियांनी लहान यंत्राचा आग्रह धरला तेव्हा त्यांना मागासलेले म्हणून हिणविण्यात आले. खेड्यातील माणसाला समजेल, उघडता येईल, दुरुस्त करता येईल असे यंत्र त्यांना हवे होते. चरख्याकडे परत जाणे त्यांना अभिप्रेत नव्हते.

इंग्लंडात १९७६ साली लुकास एरोस्पेस या शस्त्रास्त्रांचे भाग करणाऱ्या कंपनीतील कामगारांनी कामगारकपातीला एक वेगळेच उत्तर दिले. त्यांच्या प्रतिनिधींनी कारखान्याकारखान्यांतून कामगारांना विचारले, की आपल्याजवळ ही यंत्रे आहेत आणि हे कसब आहे, तर समाजाला उपयोगी असे काय करता येईल? सुमारे दीडशे वस्तूंची योजना तयार झाली: मूत्रपिंडाच्या रोग्यांसाठी यंत्रे, उष्णतापंप, पवनचक्क्या, रस्त्यावर आणि रुळांवर दोन्हीकडे धावणारी बस. यंत्रावर काम करणारे आणि रेखाटनाच्या मेजावर बसणारे प्रथमच एका बाकावर बसले. व्यवस्थापनाने ती योजना फेटाळली. पण कामगार संघटनेने मजुरी किती एवढेच न विचारता आपण बनवायचे काय हेही विचारावे, हा प्रश्न एकदा विचारला गेला तो गेलाच. दौंडच्या रेल्वे कामगारांच्या वस्तीत त्या बसची कथा सांगण्यासारखी आहे.

पाबळविषयी एवढे चांगले बोलल्यावर त्याच्या मर्यादाही बोलल्या पाहिजेत. तेथून बाहेर पडणाऱ्याने स्वतःचा धंदा काढावा यावर तेथे भर आहे. धंदा काढायला भांडवल लागते, आणि ज्याच्या घरी एक एकरही जमीन नाही त्याला बँक उभी करीत नाही. कसब दिल्याने वर्गभेद मिटत नाही. कसबी माणूसही उपाशी राहू शकतो, हे हातमागाच्या विणकरांनी दाखविले आहे. दुसरी गोष्ट शिक्षकांची. हा विषय शिकविणारा माणूस पुस्तकातून तयार होत नाही, आणि ज्याला काम येते त्याच्याकडे पदवी नसते म्हणून शासन त्याला पूर्ण वेतनावर नेमीत नाही. परिणामी गावचा लोहार किंवा फिटर शाळेत आला तरी तो मानधनावर येतो, शिक्षकांच्या खोलीत कोपऱ्यात बसतो, आणि मुले हे सारे पाहत असतात. वर्णव्यवस्था शिकवायला याहून वेगळा तास लागत नाही. तिसरी गोष्ट अशी, की चार दशके होऊनही हे काम बरेचसे स्वयंसेवी संस्थांच्या आणि देणग्यांच्या आधारावर राहिले. जे सार्वजनिक शाळेचे कर्तव्य ते दात्याच्या मर्जीवर सोडणे समाजवाद्यांना मान्य होण्यासारखे नाही. पण याचा दोष पाबळला देण्यात अर्थ नाही. तो ज्यांनी प्रत्येक आयोगाचा अहवाल स्वीकारला आणि कार्यशाळेसाठी शाळांना पैसे दिले नाहीत त्यांचा आहे.

मग या दोन तालुक्यांत करण्यासारखे काय आहे? दौंड तालुक्यापुरते एक काम सुचविता येईल. केडगाव, यवत, पाटस या पट्ट्यात गुऱ्हाळे आहेत. पुष्कळ ठिकाणी उत्तर प्रदेशातून आलेले कामगार ती चालवितात. काहिलीखालच्या चुलवाणात चिपाड जाळतात. चिपाड ओले असले की नीट जळत नाही, धूर होतो, काहिलीला आच पुरत नाही, आणि मग प्लास्टिक, रबर, जे हाती लागेल ते आत जाते. त्याचा काळा धूर गावावर पसरतो, त्याविरुद्ध तक्रारी होतात, आणि भांडण गावकरी विरुद्ध परप्रांतीय मजूर असे वळण घेते. हा खरे तर चुलवाणाच्या आराखड्याचा प्रश्न आहे. हवा कोठून किती आत यावी, जाळी किती उंच असावी, धुराड्याकडे जाणाऱ्या उष्ण वायूत आधीचे चिपाड वाळविता येईल काय, काहिलीपर्यंत किती उष्णता पोचते आणि किती धुराड्यातून निघून जाते, हे मोजता येण्यासारखे आहे. तापमापक, वजनकाटा आणि वही एवढ्या सामानावर पहिला महिना निघतो.

जवळच्या एखाद्या माध्यमिक शाळेतील नववीची मुले, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील दोन-तीन वेल्डर, अभियांत्रिकी महाविद्यालयातील शेवटच्या वर्षाचे चौघे, आणि गुऱ्हाळावरचा गुळव्या असा गट त्यासाठी करता येईल. गुळव्याला बाजूला ठेवून चालणार नाही. पाक केव्हा उतरवायचा हे त्याच्या डोळ्याला कळते, तापमापकाला ते अजून कळायचे आहे. चाचणीत बिघडलेल्या गुळाचे पैसे मालकाने मजुरांच्या हिशेबातून कापू नयेत, हे कार्यकर्त्यांना आधी लिहून घ्यावे लागेल. महाविद्यालयाला प्रकल्पाचा विषय हवा असतो, तो जूनमध्ये ठरतो. गुऱ्हाळांचा मुख्य हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. मधल्या चार-पाच महिन्यांत एका बंद चुलवाणाचे माप घेऊन त्याचे रेखाटन तयार व्हायला हवे.